अनुदान येईपर्यंत संशोधन थांबवायचं का?

शिरोलीहून आलेलं पत्र, थोडक्यात:

«शिरोली एमआयडीसीत आमची बिडाची आणि एसजी आयर्नची (गोल ग्रॅफाइटच्या, कमी ठिसूळ बिडाची) फाउंड्री आहे. भागीदारी फर्म आहे: आबा, मी आणि धाकटा भाऊ. उलाढाल ३८ कोटी. नवीन पार्टच्या ट्रायल, वाळूचे प्रयोग, टेस्टिंग यांवर वर्षाला ४० लाखांच्या घरात जातात. आता एका ट्रॅक्टर कंपनीनं विचारलंय, ब्रॅकेट एडीआयमध्ये (ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न, म्हणजे उष्णता-प्रक्रियेनं कणखर केलेलं एसजी आयर्न) देता का? सगळ्यात जाड जागा २८ मिलिमीटर. हिशेब केला तर सॉल्ट बाथ (वितळलेल्या मिठाची टाकी) आणि भट्टी ९५ लाख, ट्रायल आणि टेस्टिंग ४५ लाख, मेटलर्जिस्ट दोन वर्षांसाठी २४ लाख, पॅटर्न-फिक्श्चर १६ लाख, असे १ कोटी ८० लाख होतात. एक सल्लागार म्हणतो, निम्मे सरकारकडून काढून देतो, मला आठ टक्के द्या. भाऊ म्हणतो, मग तोवर एक रुपाया घालायचा न्हाई. आबा म्हणतात, सरकारी पैशाला हात लावलास की हात अडकला. पेपरात संशोधनासाठी लाख कोटींचा फंड आल्याचं वाचलं. सरकारनं एवढा पैसा ओतला की आमच्यासारख्यांचा खर्च वाढतो की आम्ही हात आखडता घेतो? आणि आम्ही काय करावं?»

भावाला आधी सांगा, थांबायचं नाही. पण १ कोटी ८० लाख एकदम बाहेरही काढायचे नाहीत.

तुमच्या भावाला जे सुचलं तेच बहुतेक उद्योगांना सुचतं, आणि त्याला कारणही आहे. बहुतेक योजनांत मंजुरीपत्राच्या तारखेआधी झालेला खर्च धरत नाहीत. त्यामुळे अनुदानाची चाहूल लागली की एरवी यंदाच झाला असता तो खर्चही लोक अडवून धरतात. वर्षभरानं पैसे आले की तोच खर्च होतो आणि फाइलवर 'सरकारी मदतीमुळे संशोधन वाढलं' अशी नोंद पडते. प्रत्यक्षात वाढलं काहीच नाही, फक्त एक वर्ष गेलं. तुमच्या बाबतीत तेवढ्यात ट्रॅक्टर कंपनी दुसरा पुरवठादार शोधेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे सरकारी पैशानं खासगी खर्च वाढतो की घटतो यावर, अर्थशास्त्रात कित्येक दशकं वाद चालू आहे. २००० साली पॉल डेव्हिड, ब्रॉन्विन हॉल आणि अँड्र्यू टूल यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सरसकट एक उत्तर निघालं नाही. त्याच वर्षी स्कॉट वॉलस्टेन यांनी अमेरिकेच्या एसबीआयआर या लघुउद्योग अनुदान योजनेत असं दाखवलं की अनुदान मिळालं त्या प्रमाणात कंपन्यांनी स्वतःचा खर्च कमी केला. सतरा वर्षांनी सबरीना हॉवेल यांनी त्याच योजनेचा अमेरिकी ऊर्जा खात्याकडचा भाग तपासला आणि वेगळं चित्र दिसलं. पहिल्या टप्प्याचं, साधारण दीड लाख डॉलरचं छोटं अनुदान मिळालेल्या कंपन्यांना पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. दुसऱ्या टप्प्याच्या दहा लाख डॉलरच्या अनुदानाचा मात्र फारसा परिणाम दिसला नाही. छोटी रक्कम नमुना तयार करून 'हे जमतं का' एवढी शंका फेडायला पुरते, आणि शंका फिटली की खासगी पैसा आपण होऊन येतो. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतातही असंच दिसलं: अनुदानानं लहान कंपन्यांची गुंतवणूक वाढली, मोठ्यांची नाही. मोठ्यांनी ते काम नाहीतरी केलंच असतं.

हा 'नाहीतरी केलंच असतं का?' प्रश्नच तुमच्या अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीला विचारायचा आहे.

देशपातळीवर आकडे बरे दिसतात. ओईसीडी (प्रामुख्यानं प्रगत देशांची संघटना) देशांवरच्या एका मोठ्या अभ्यासात सरकारी पैशातून होणारं संशोधन १० टक्के वाढलं की त्या क्षेत्रातला खासगी खर्च ५ ते ६ टक्के वाढतो असं आढळलं. राधानगरीचं धरण कोल्हापूर संस्थानानं बांधायला घेतलं, पण ऊस शेतकऱ्यानं आपल्या पैशानं लावला. विद्यापीठं, प्रयोगशाळा, संरक्षण संशोधन यांचं तसंच आहे. मात्र आपल्याकडे ऊस कमी लागला आहे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास. चीन, जपान, कोरिया, अमेरिका इथे संशोधनाच्या कामातला उद्योगांचा वाटा ७० टक्क्यांच्या वर आहे. म्हणूनच दिल्लीचे सगळे नवे आराखडे खासगी पैसा ओढण्यावर बेतलेले असतात. केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेच्या, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या, पाच वर्षांच्या ५०,००० कोटींपैकी ३६,००० कोटी बिगरसरकारी स्रोतांकडून येतील असं धरलं आहे, म्हणजे सरकारच्या एका रुपयामागे अडीच रुपयांहून जास्त. वर सांगितलेले अभ्यास बघता हा अंदाज आम्हाला भाबडा वाटतो.

तुम्ही वाचलेला लाख कोटींचा फंड म्हणजे जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेली आरडीआय (रिसर्च, डेव्हलपमेंट अँड इनोव्हेशन) योजना. ती अनुदानाची नाही. त्यात कमी किंवा शून्य व्याजानं दीर्घ मुदतीचं कर्ज किंवा भागभांडवल मिळतं, प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत, आणि तेही उगवत्या किंवा देशासाठी मोक्याच्या क्षेत्रांत, जिथे तंत्रज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे. पैसा थेट तुमच्याकडे येत नाही. मधले निधी व्यवस्थापक प्रकल्प निवडतात. ट्रॅक्टरचं ब्रॅकेट त्यांच्या यादीत बसेल असं वाटत नाही. त्या बातमीवर तुमचं नियोजन बेतू नका.

आता तुमचे १ कोटी ८० लाख.

एडीआय म्हणजे वरून उष्णता-प्रक्रिया दिलेलं एसजी आयर्न: ओतकाम साधारण ८५० ते ९३० अंशांवर तापवायचं, मग २५० ते ४०० अंशांच्या वितळलेल्या मिठात बुडवून तासभर ते काही तास धरून ठेवायचं. जोखीम मिठाच्या भट्टीत कमी आणि तुमच्या धातूत जास्त आहे. मँगनीज ०.३ टक्क्याच्या वर गेलं की ते कणांच्या सीमांवर गोळा होतं, तिथली प्रक्रिया रेंगाळते, कार्बाइड (लोखंड-कार्बनचं कठीण संयुग) बनतं आणि तुकडा ठिसूळ निघतो. तुमच्या चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या कच्च्या मालात) कोणतं भंगार येतं यावर हे ठरतं. नोड्यूल (ग्रॅफाइटचे बारीक गोळे) विरळ असतील, चौरस मिलिमीटरला शंभराच्या खाली, तरी तीच गत. २८ मिलिमीटर जाडीत नुसत्या तांब्यावर गाभ्यापर्यंत कडकपणा उतरणं अवघड असतं. निकेल घालावं लागेल आणि त्याचा खर्च किलोमागे धरावा लागेल. मिठात कमी वेळ ठेवलं तर गार होताना मार्टेन्साइट (कडक पण ठिसूळ रचना), जास्त ठेवलं तर पुन्हा कार्बाइड. मधली खिडकी किती रुंद आहे हे तुमच्याच हीटवर (एका वेळी वितळवलेल्या धातूवर) कळतं, दुसऱ्याच्या पुस्तकातून नाही.

ही शंका फेडायला ९५ लाखांची भट्टी लागत नाही. चार हीट लावा: दोन फक्त तांब्याच्या, दोन तांबं-निकेलच्या, प्रत्येक हीटमधून २५ मिलिमीटरचे सहा वाय-ब्लॉक (चाचणीसाठी ओतलेले ठोकळे) आणि दोन-तीन प्रत्यक्ष ब्रॅकेट. सॉल्ट बाथ असलेल्या हीट-ट्रीटरकडे जॉबवर्कवर पाठवा. त्याला तापमान आणि वेळ लेखी द्या आणि भट्टीचा तापमान-आलेख परत मागा. आलेख नसेल तर चुकलेल्या तुकड्याचं कारण कधीच सापडत नाही. मग ताण, लांबी-वाढ, आघात, कडकपणा, आणि जाड जागेच्या मध्यातला मायक्रो (धातूची सूक्ष्मरचना) बघा. एक माप हमखास विसरतं: प्रक्रियेत तुकडा किंचित फुगतो. मशिनिंग आधी करावं लागतं कारण नंतर ते फार कठीण जातं, म्हणून ही वाढ पॅटर्न बनवण्याआधी मोजलेली हवी. हे सगळं आठ-दहा लाखांत आणि तीन-चार महिन्यांत बसतं.

हा टप्पा म्हणजे खर्चाचा पहिला ढीग: स्वतःच्या पैशानं, आजच. तो तुम्ही नाहीतरी केलाच असता, निदान करायला हवा होता. अनुदानाच्या अर्जातही हेच आकडे उपयोगी पडतात, कारण 'आम्हाला एडीआय करायचंय' असं लिहिणारे खूप असतात आणि चार हीटचे निकाल जोडणारे थोडे.

सूक्ष्मदर्शक तपासणी बाहेरून करून घ्या. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातल्या सरकारी पैशानं घेतलेल्या उपकरणांची यादी आहे आणि उद्योगांनाही शुल्क भरून वेळ मिळतो. शिवाजी विद्यापीठातही विचारा. सरकारी संशोधन खर्चाचा छोट्या कारखान्याला सगळ्यात स्वस्तात मिळणारा फायदा हाच, आणि अनुदानाच्या मागे धावताना नेमका तोच राहून जातो.

दुसरा ढीग म्हणजे जी कामं मदतीशिवाय तुम्ही खरोखर केली नसती. ट्रायलचे उरलेले लाख, मेटलर्जिस्टचा पगार आणि त्यातून निघणारी प्रक्रिया-माहिती यात बसते. तुम्ही सूक्ष्म-लघु-मध्यम वर्गवारीत 'लघु' आहात (१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्री २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत). एमएसएमई मंत्रालयाच्या 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती यजमान संस्थेमार्फत, म्हणजे मान्यता असलेल्या कॉलेज किंवा इन्क्युबेटरमधून. डिझाइन प्रकल्पांसाठी ४० लाखांपर्यंतची मर्यादा आहे आणि तो भाग आयआयटी, आयआयएससी, एनआयटी अशा संस्था राबवतात. पेटंट घ्यावंसं वाटलं तर देशी पेटंटला १ लाखापर्यंत परतफेड आहे. एडीआय जुनंच तंत्र आहे, त्यामुळे पेटंटची आशा फार धरू नका. तुमची मिश्रधातूची कृती आणि तापमान-वेळ गुपित ठेवण्यातच तुमचा फायदा आहे.

तिसरा ढीग भट्टीचा. भट्टी हे उत्पादनाचं यंत्र आहे, तिला संशोधन म्हणू नका. चीनमध्ये विक्रीच्या ठरावीक टक्के संशोधन दाखवलं की कर कमी व्हायचा. तिथल्या कंपन्यांनी दाखवलेल्या वाढीपैकी सुमारे चौथा हिस्सा नुसता जुन्या प्रशासकीय खर्चावर नवी पाटी लावून आलेला होता, हे पुढे अभ्यासातून उघड झालं. आपल्याकडे हाच मोह 'डेव्हलपमेंट' या शब्दात असतो. ओईसीडीच्या फ्रास्काती मॅन्युअलच्या पाच कसोट्या आहेत: काम नवं असावं, त्यात डोकं लागावं, निकाल आधी माहीत नसावा, पद्धतशीर व्हावं आणि नोंदींवरून दुसऱ्याला ते पुन्हा करता यावं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून नवा पॅटर्न, पीपीएपीचे (उत्पादनाआधी ग्राहकाच्या मंजुरीसाठी द्यायचे) नमुने, रिजेक्शन कमी करायची रोजची खटपट यांत बसत नाही. तुमच्या सध्याच्या ४० लाखांतले खरं संशोधन म्हणावेत असे बहुधा दहा-बारा लाखच निघतील, आणि ते आधी प्रामाणिकपणे वेगळे काढा. हाच तुमचा पायाभूत आकडा. पुढे कुणी 'मदतीनं काय वाढलं?' विचारलं तर याच्याशीच ताडून बघितलं जाईल.

भट्टीसाठी बँकेचं मुदत कर्ज सरळ. केंद्राच्या टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्डाकडून ५ टक्के सरळव्याजानं प्रकल्प खर्चाच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळू शकतं, देशी तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी. बँकेचा दर १० टक्के धरला तर ८० लाखांवर वर्षाला ४ लाखांचा फरक पडतो. पण तारण, छाननी, पुढे विक्रीवर रॉयल्टी आणि एका वर्षाचा उशीर धरता एवढ्या रकमेसाठी ती वाट आम्ही सुचवणार नाही. पाच-दहा कोटींचा प्रकल्प असता तर गोष्ट वेगळी.

वाळूचे प्रयोग मात्र तुमच्या यादीतून काढा. वापरलेली वाळू पुन्हा वापरात आणायची रीत तुम्ही शोधली तर सहा महिन्यांत शेजारची फाउंड्री तीच करेल; खर्च तुमचा, फायदा सगळ्या शिरोलीचा. जिथे फायदा असा सांडतो तिथेच सरकारी पैशाला खरा अर्थ असतो. स्मॅक, गोशिमा किंवा कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजक संघटनांमार्फत सामायिक सुविधा केंद्राचा प्रस्ताव करा आणि तुमचे प्रयोगांचे आकडे त्यांना द्या.

पगाराबद्दल एक इशारा. संशोधनाला सरकारी पैसा वाढला की पहिल्यांदा वाढतो तो माणसांचा भाव, कारण जाणकार माणसं एका वर्षात तयार होत नाहीत. अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी यांनी १९९८ मध्ये हे मांडलं. तुमचा मेटलर्जिस्ट वर्षभरानं पुण्याला जाईल हे गृहीत धरा. म्हणून नोंदवही त्याच्या लॅपटॉपवर नको, फर्मच्या नावानं हवी, आणि तुमच्याच मेल्टिंग सुपरवायझरला त्याच्या बरोबरीनं सगळ्या ट्रायलला उभं करा.

कराचं गणित बदललं आहे आणि सल्लागार अजून जुनंच सांगतात. मान्यताप्राप्त संशोधन केंद्रावरच्या खर्चाला कंपन्यांना ३१ मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के वजावट होती, मग १५० टक्के झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून १०० टक्केच. ती कंपन्यांनाच होती, भागीदारी फर्मला नाही. तुम्हाला लागू आहे ती साधी वजावट: तुमच्या धंद्याशी संबंधित वैज्ञानिक संशोधनाचा चालू खर्च पूर्ण, आणि भांडवली खर्चही (जमीन सोडून) त्याच वर्षी पूर्ण. फर्मचा दर ३० टक्के आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के (अधिभार लागत असेल तर तो वेगळा). शंभर रुपयांच्या खऱ्या संशोधनावर ३१ रुपये २० पैसे कर वाचतो, पण तो कुठल्याही महसुली खर्चावर वाचतोच. फरक पडतो तो यंत्रात: १५ टक्के घसाऱ्याऐवजी पहिल्याच वर्षी पूर्ण वजावट. म्हणूनच ९५ लाखांची भट्टी 'संशोधन' म्हणून दाखवायचा मोह होईल. रोज ऑर्डरचा माल तिच्यात शिजत असेल तर तपासणीत ते टिकणार नाही. ट्रायलसाठी वेगळी छोटी भट्टी घेतलीत तर तिचा दावा करा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत; सीएला जुना क्रमांक न सांगता आशय सांगा.

अनुदानावरही कर आहे. यंत्रासाठी मिळालेली रक्कम यंत्राच्या किमतीतून वजा होते आणि घसारा तेवढ्यानं कमी मिळतो. चालू खर्चासाठी मिळालेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. 'निम्मे फुकट' हे गणित इथेच ढासळतं. दुसरा खड्डा वेळेचा: पैसे हप्त्यांनी येतात, शेवटचा हप्ता काम संपल्याचा अहवाल मान्य झाल्यावर. ४० लाख आठ महिने अडकले तर १० टक्क्यांनी २ लाख ६७ हजार व्याज तुमचं. अर्जात तुमचा वाटा दाखवायचा असतो, तो कॅश क्रेडिटमधून काढू नका. खेळतं भांडवल आटलं की पहिल्यांदा ट्रायलच थांबतात.

आबांचं म्हणणं अर्थ नसलेलं नाही. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार अनुदानाच्या रकमेवर मिळालेलं व्याज सरकारला परत करावं लागतं, उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं, आणि पूर्णतः किंवा मुख्यत्वे सरकारी पैशानं घेतलेलं यंत्र परवानगीशिवाय विकता येत नाही. हात अडकतो तो या शेवटच्या अटीत. म्हणून अनुदान मागायचंच तर माणूस, टेस्टिंग आणि ट्रायलच्या मालासाठी मागा, यंत्रासाठी नको. स्वतंत्र बँक खातं काढा. प्रत्येक ट्रायल हीटला वेगळा क्रमांक द्या आणि त्या हीटचा चार्ज, वीज युनिट, मजुरीचे तास त्याच क्रमांकावर टाका. ट्रायलचा माल नंतर भंगार म्हणून पुन्हा भट्टीत गेला तर ती किंमत खर्चातून वजा दाखवा. लेखापरीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात.

सल्लागाराला आठ टक्के देऊ नका. मंजुरी समिती देते, तो नाही, आणि त्याची फी प्रकल्प खर्चात धरली जाईल या भरवशावर राहू नका. अर्ज लिहून देण्याची ठरावीक रक्कम, अर्धी आगाऊ आणि अर्धी अर्ज दाखल झाल्यावर, एवढंच ठरवा. तांत्रिक भाग मात्र तुम्ही आणि मेटलर्जिस्टनंच लिहा. आणि ट्रॅक्टर कंपनीला या आठवड्यातच कळवा: नमुने चार महिन्यांत देतो, जॉबवर्कवर प्रक्रिया केलेले, स्वतःची भट्टी तुमच्या वार्षिक मागणीचं पत्र आल्यावर. ते पत्र हातात असेल तर बँकही बसून बोलते.